सातव्या दिवशी अणावकर बसले

आमच्या सोसायटीचं नाव श्रमसाफल्य. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत आहे. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांच्या मनात असणार की जन्मभर श्रम केले, घर झालं, आता निवांत बसा. दुसऱ्या मजल्यावरच्या रघुवीर अणावकरांनी या नावाचा फक्त पहिला अर्धा भाग वाचला होता.

अणावकर गोदीतल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. रिटायर झाल्यावर माणूस सकाळी उशिरा उठतो, पेपर पुरवून पुरवून वाचतो, दुपारी आडवा होतो. अणावकरांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि तिथे स्क्रूड्रायव्हर लावला. तो लावून ते सकाळ-संध्याकाळ पार्कात फिरायला जायचे आणि वाटेतल्या बाकांचे स्क्रू आवळायचे. बाकावर कोणी बसलेलं असलं तर "जरा उठता का" असं अदबीने विचारायचे. एकदा त्यांनी क्रिकेटचं एक नेट सैल वाटलं म्हणून चहूबाजूंनी असं बांधून टाकलं की आतल्या बॅट्समनला बाहेर यायला जागा राहिली नाही. तेव्हापासून ते दिसले की कोच नेटसमोर जाऊन उभा राहायचा.

आमच्या घरची बेल जरा घोगरी वाजायची. अणावकरांनी ती दुरुस्त केली. त्यानंतर लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली की आमची बेल वाजू लागली. आम्ही राहतो पहिल्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्यावरचा हितेंद्र कधी येतो, कधी जातो, हे त्याच्या बायकोआधी आम्हाला कळायला लागलं.

त्यांच्या बायकोचं नाव सरोजिनी. त्या टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्या आणि त्यांना बसता येतं. म्हणजे खुर्चीत बसल्या की त्या खरोखर बसलेल्या असतात, उठायच्या बेतात नसतात. एके दिवशी अणावकर त्यांना म्हणाले, "सरोज, तुझा मिक्सर फार आवाज करतो."

"अहो, मिक्सर आवाज करतोच."

अणावकरांनी तो उघडला. त्यानंतर त्याने आवाज केला नाही, चटणीही केली नाही. सरोजिनीबाई माळ्यावरून पाटा-वरवंटा काढायला निघाल्या तेव्हा अणावकर म्हणाले, थांब, तो गुळगुळीत झाला असेल, त्याला टाकी लावून देतो.

आता मी जे सांगणार आहे त्यातलं थोडं मी पाहिलं आणि बाकीचं सरोजिनीबाईंनी मला सांगितलं.

चौथ्या मजल्यावर मिल्काबाई तळकर राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना मिल्कामावशी म्हणते. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्याच कोकणातल्या ज्यू. मूळ गाव तळे, म्हणून तळकर. या लोकांचे पूर्वी तेलाचे घाणे असायचे आणि ते शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावातली माणसं त्यांना शनवार तेली म्हणत. मावशी परळच्या एका हॉस्पिटलात मेट्रन होत्या. नवरा गेला, मुलगा इस्राएलमध्ये अश्दोदला स्थायिक झाला. तो बोलावतो, पण त्या जात नाहीत. तिथे सरंगा चांगला मिळत नाही, हे कारण त्या सांगतात. ऐंशी उलटून गेली तरी आवाजात मेट्रनपण शिल्लक आहे. त्यांनी "बस" म्हटलं की माणूस आधी बसतो आणि मग कुठे बसलो ते बघतो.

मे महिन्यातला शुक्रवार होता. अणावकर गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बघून खाली येत होते. मावशींच्या दाराशी ते थबकले. आतून टक टक असा आवाज येत होता.

"मावशी, तुमच्या पंख्याला खोकला झालाय."

"तो जुनाच आहे," मावशी आतून म्हणाल्या. "मला सवय झालीय. उलट तो थांबला तर मला जाग येते."

पण तोवर अणावकर स्टूल आणायला गेले होते.

दुपारभर काम चाललं. संध्याकाळी मावशींच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर पंखा होता. म्हणजे तीन पाती, दांडा, वरची वाटी, मोटार, आणि एका खऱ्या वाटीत स्क्रू. अणावकरांचा शर्ट पाठीला चिकटला होता, कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि ते फार सुखात होते.

तेवढ्यात चौपाटीच्या बाजूला सूर्य कलला. मावशी आंघोळ करून, पांढरी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तेलाचा दिवा लावला, डोळ्यांवर हात धरले आणि पुटपुटत प्रार्थना केली. अणावकर अदबीने हात बांधून उभे राहिले. प्रार्थना झाल्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"ठेव तो खाली," मावशी म्हणाल्या.

"अर्ध्या तासाचं काम आहे, मावशी."

"शब्बाथ सुरू झाला. आता उद्या तिन्हीसांजेपर्यंत काम नाही."

"पण शब्बाथ शनिवारी ना? आज शुक्रवार आहे."

"आमचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. सृष्टीच्या गोष्टीत आधी संध्याकाळ झाली, मग सकाळ झाली, आणि तो एक दिवस धरला."

"म्हणजे शनिवार शुक्रवारीच लागतो," अणावकर म्हणाले. ही पद्धत त्यांना अनियमित वाटली. कचेरीत चालली नसती. मग त्यांना युक्ती सुचली. "तुम्ही नका काम करू. तुम्ही बसा. मी करतो. मी कुठे ज्यू आहे?"

"दाराच्या आत आलेल्या परक्यालाही सुट्टी द्यायची, असं आम्हाला सांगितलंय. नोकराला द्यायची, बैलाला द्यायची, गाढवाला द्यायची."

"त्यात मी कशात येतो?"

"ते तुझं तू ठरव. पण सुट्टी आहे."

अणावकर खाली आले. सरोजिनीबाईंनी पान वाढलं, आमरस होता, तरी त्यांचा हात चालेना.

"काय झालं?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"वर तो उघडा पडलाय," अणावकर म्हणाले. एखादा पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर टाकून सर्जन जेवायला आला असावा, असा त्यांचा चेहरा होता.

शनिवारी सकाळी ते मावशींना पेपर द्यायला वर गेले. मावशींकडे त्यांचा पेपर आलेला होता. थोड्या वेळाने ते उकाड्याने मावशींना काही झालं तर नाही ना हे बघायला गेले. मावशी गॅलरीत आरामखुर्चीत बसल्या होत्या. मानेवर ओला नॅपकिन, हातात काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला. त्यांना काही झालेलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला सरोजिनीबाईही मागोमाग चढल्या. त्यांचा विचार असा की ह्यांना पंख्याजवळ एकटं सोडणं बरं नाही.

"बसा दोघं," मावशी म्हणाल्या.

दोघं बसले. अणावकरांना टेबलाकडे पाठ करून बसवलं. ते तसे बसले, पण त्यांची मान काही पूर्ण बसली नाही.

"मावशी," ते म्हणाले, "शनिवारीच का, हे तरी सांगा. म्हणजे मला पटलं तर मला बसता येईल."

मग मावशींनी सांगितलं. देवाने सहा दिवसांत जग केलं. पहिल्या दिवशी उजेड. दुसऱ्या दिवशी आभाळ. तिसऱ्या दिवशी जमीन आणि झाडं. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे.

"एक मिनिट," अणावकर म्हणाले. "उजेड पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी?"

"हो."

"मग मधले तीन दिवस उजेड कुठून येत होता?"

"ते आमच्यातल्या मोठमोठ्या पंडितांनीही विचारलंय."

अणावकरांनी विचार केला. ते सोसायटीचे सेक्रेटरी राहिलेले होते आणि बिल्डिंगची दुरुस्ती चालू असताना त्यांनी बरंच बघितलं होतं. "टेम्पररी कनेक्शन असणार," ते म्हणाले. "बांधकामाला घेतात तसं. पुढे सांगा."

पाचव्या दिवशी मासे आणि पाखरं. सहाव्या दिवशी जनावरं आणि सर्वांत शेवटी माणूस.

"सहावा म्हणजे शुक्रवार?"

"शुक्रवार."

"आणि सातव्या दिवशी देवाने विश्रांती घेतली. म्हणजे शनिवारी माणसालाही सुट्टी."

"हो."

अणावकर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे हा माणूस शुक्रवारी दुपारनंतर कामावर लागला आणि दुसऱ्याच दिवशी सुट्टीवर गेला."

"बरोबर."

"काहीही न करता?"

"काहीही न करता. त्याचा पहिला अख्खा दिवस सुट्टीचाच होता. देवाने दिलेली बाग राखायचं काम रविवारी."

"मावशी, आम्हाला पहिली रजा सहा महिन्यांनी मंजूर झाली होती. तीही साहेबांनी दोनदा विचारून."

"तुझा साहेब निराळा," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे सुट्टी कमवायची नसते, रघू. ती आधी मिळते. काम त्याच्या नंतरचं."

सरोजिनीबाई म्हणाल्या, "मला हा साहेब आवडला." आणि त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली.

अणावकर मात्र गप्प बसायला तयार नव्हते. "ठीक आहे. पण सातव्या दिवशी काहीच निर्माण केलं नाही, तर तो दिवस मोजायचाच कशाला? आठवडा सहाचाच करायचा. सुटसुटीत."

"केलं ना. सातव्या दिवशी थांबणं निर्माण केलं." मावशींनी नॅपकिन उलटा केला. "त्याआधी जगात सगळं होतं, पण थांबणं नव्हतं. मासे पोहत होते, चंद्र फिरत होता, गवत वाढत होतं. थांबायचं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्याने स्वतः थांबून दाखवलं."

त्याच वेळी टेबलावरच्या वाटीतून एक स्क्रू घसरला आणि टाइलवरून घरंगळत त्यांच्या पायाशी आला. तो वाटीतून का घसरला ते शेवटपर्यंत कळलं नाही. अणावकरांनी खाली पाहिलं. मग मावशींकडे पाहिलं. मावशी डोळे मिटून होत्या. अणावकरांनी हळूच वाकून स्क्रू उचलला आणि खिशात टाकला.

"रघू," मावशी डोळे न उघडता म्हणाल्या.

त्यांनी स्क्रू परत जमिनीवर ठेवला. होता तिथेच, बोटभरही इकडेतिकडे नाही.

संध्याकाळ होत आली तशी त्यांनी विचारलं, "शब्बाथ संपला हे कसं कळतं?"

"आभाळात तीन तारे दिसले की."

अणावकर गच्चीवर धावले. आता ज्यांना मुंबईचं आभाळ माहीत आहे त्यांना सांगायला नको. हितेंद्र वाळलेले कपडे काढायला वर आला होता. त्यालाही त्यांनी एक दिशा वाटून दिली. हितेंद्रला कशासाठी तारे शोधायचे आहेत ते माहीत नव्हतं, पण अणावकरांना कारण विचारलं की काम वाढतं, हे माहीत होतं. तो चादर खांद्यावर टाकून परळच्या बाजूचं आभाळ बघू लागला.

पहिला तारा माहीमच्या बाजूला सापडला. तो हळूहळू सरकू लागला आणि सांताक्रूझला उतरला. दुसरा हितेंद्रला सापडला. तो लालबागच्या एका टॉवरवरचा दिवा निघाला. मग पश्चिमेला खरंच एक ठसठशीत ठिपका दिसला. तोवर सरोजिनीबाई वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तो शुक्र आहे. ग्रह आहे तो."

अणावकर गच्चीच्या कठड्यावरून वाकले आणि खालच्या गॅलरीत ओरडले, "मावशी, ग्रह चालेल का?"

"नाही," खालून उत्तर आलं.

खरे तीन तारे मिळायला बराच वेळ गेला. तिसरा दिसला की नाही यावर मतभेद होते, पण हितेंद्रने शपथेवर सांगितलं की दिसला. त्याला घरी जायचं होतं. खाली मावशींनी शब्बाथ संपल्याची मेणबत्ती लावली, लवंगांचा वास सगळ्यांना घ्यायला लावला आणि म्हणाल्या, "जा आता तुझ्या पंख्याकडे."

पंखा लागला. गरगर फिरला. टकटक अजिबात नाही. अणावकर स्टुलावरून उतरले आणि त्यांनी सरोजिनीबाईंकडे असं पाहिलं की आता मिक्सरचा विषय संपला.

सोमवारी मावशींनी त्यांना बोलावलं. डोळे तारवटलेले होते. "रघू, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. तो काही बोलतच नाही रे. मेलाय की काय असं वाटून मी सारखी उठते. त्याला परत टकटक करायला लाव."

पंख्यात टकटक घालणं हे काढण्यापेक्षा अवघड काम आहे. आधी ती फार जलद झाली, मग टक टक टक अशी तीनदा व्हायला लागली, मग घरघर. अणावकरांना आठवडा लागला. मावशी आरामखुर्चीत बसून सांगायच्या, "नाही, याहून जरा दमाने."

पण पंखा उघडा पडलेल्या त्या शनिवारचा अणावकरांवर परिणाम झाला होता. आपणही आठवड्यातून एक दिवस थांबायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि एकदा ठरवल्यावर ते कामाला लागले.

पुढच्या गुरुवारी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली. "येत्या शनिवारी सकाळी आठ वाजल्यापासून सर्व सभासद विश्रांती घेतील. कोणीही कारण सांगू नये." खाली त्यांची सही, आणि सहीखाली सेक्रेटरी असं लिहून मग 'माजी' हा शब्द वरून घुसडलेला.

शनिवारी ते पहाटेच उठले. सगळ्या मजल्यांवर फिरायचं तर वेळ पुरायला हवा होता. साडेआठला आमची बेल वाजली. हितेंद्र कुठे जातोय असं मला वाटलं, पण या वेळी दारात खरंच माणूस होता.

"बसलात का?" अणावकरांनी विचारलं.

"बसलो होतो. बेल वाजली म्हणून उठलो."

"मग परत बसा. मी अकराला येतो."

अकराला ते आले. तिसऱ्या मजल्यावर हितेंद्र आपल्या सोफ्यावर घोरत होता, तर त्याला उठवून त्यांनी विचारलं की नीट विश्रांती मिळते आहे ना. तळमजल्यावर सांडगे घालणाऱ्या बाईंना म्हणाले, हे उद्या घाला. त्या म्हणाल्या, पीठ भिजवलंय, मग तुम्ही घाला. अणावकरांनी घातले असते, पण शनिवार होता. दुपारपर्यंत सगळी बिल्डिंग दमून गेली. लोक सरोजिनीबाईंकडे तक्रार घेऊन आले. त्या म्हणाल्या, "मला तर सकाळपासून त्यांनी चारदा बसवलंय. मी आधीच बसले होते."

शेवटी मावशींनी गॅलरीतून हाक मारली. अणावकर वर गेले.

"रघू, हे काय चालवलंयस? देव सातव्या दिवशी मासे झोपलेत का बघायला फिरत नव्हता."

अणावकर खुर्चीत टेकले. खरं म्हणजे तेही दमले होते. ते बोलले ते खाली बघून.

"मावशी, मला जमत का नाही? मी रोज म्हणतो, एवढं झालं की बसेन. ते झालं की दुसरं दिसतं. कचेरीत वाटायचं रिटायर झालो की बसेन. देवाचं बरं होतं. त्याचं काम संपलं होतं, म्हणून त्याला बसता आलं."

"कुठे संपलं होतं?" मावशी म्हणाल्या. "जग बघतोस ना तू? डास बघ. माणसाचे गुडघे बघ, मी नर्स होते, मला विचार. कोणी चांगल्या कारागिराने असे गुडघे दिले असते का? आणि ज्यांच्यासाठी बाग केली त्यांनी लगेच खाऊ नका म्हटलेलंच फळ खाल्लं. त्याला वाटलं असतं तर आठव्या, नवव्या दिवशीही पुष्कळ दुरुस्ती निघाली असती."

"मग?"

"मग काय. तो पुरे म्हणाला. थकला म्हणून नाही रे, देव कशाला थकेल? पुरे म्हणाला, आणि केलेलं बघत बसला. चांगलं झालंय म्हणाला."

"नुसतं बघत बसला?"

"नुसतं."

अणावकरांना हे नवीन होतं. बघणं म्हणजे काय बिघडलंय ते बघणं, अशीच त्यांची आजवर समजूत होती.

त्यानंतरच्या शनिवारी ते दुपारी चहा घेऊन घराबाहेर पडले. स्क्रूड्रायव्हर त्यांनी देवघरात ठेवला. पार्काला वळसा घालून ते कट्ट्याच्या एका मोकळ्या भागावर गेले आणि बसले. हात मांडीवर, नजर समोर. आपण काहीच करायचं नाही, कोणी विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, कारण उत्तरातून काम निघतं, असा त्यांनी पक्का निश्चय केला होता.

पार्कात त्या वेळी फेऱ्या मारणारे सगळे त्यांना ओळखत. पहिल्या फेरीत लोक म्हणाले, "काय अणावकर." दुसऱ्या फेरीत म्हणाले, "बरं आहे ना?" अणावकर हलले नाहीत. तिसऱ्या फेरीला पाच-सहा जण त्यांच्यासमोर थांबले आणि हलक्या आवाजात बोलू लागले. या माणसाला इतका वेळ एका जागी त्यांच्यातल्या कोणीच कधी पाहिलेलं नव्हतं. हास्यक्लबातले एक निवृत्त डॉक्टर पुढे झाले आणि त्यांनी मनगट धरलं. अणावकरांनी धरू दिलं. हात सोडवणं हेही कामच होतं.

"लागतेय," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही दातांचे ना?" कोणीतरी विचारलं.

एवढ्यात कोणीतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'अणावकर पार्कात बसले आहेत. हलत नाहीत.' दुसऱ्याने त्यातलं 'बसले आहेत' गाळून 'अणावकर पार्कात हलत नाहीत' एवढंच पुढे पाठवलं. आमच्या ग्रुपवर एक गृहस्थ आहेत, ते कुठल्याही मेसेजला सर्वांत आधी उत्तर देतात. त्यांनी लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली हात जोडल्याची चित्रं पडायला लागली. हितेंद्रने लागली तर असावी म्हणून गल्लीत एक टॅक्सी थांबवून ठेवली आणि तो मला घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेला.

सरोजिनीबाई आंब्याची कोय चोखत होत्या.

"वहिनी," हितेंद्र म्हणाला, "धीर धरा."

"कशासाठी?"

"अणावकर पार्कात आहेत. कट्ट्यावर."

"काय करतायत?"

हितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काही करत नाहीयेत. बसलेत."

"नुसते?"

"नुसते."

सरोजिनीबाईंनी कोय बशीत ठेवली, हात धुतले, पर्स घेतली आणि पायात चपला घातल्या. "चला," त्या म्हणाल्या. "हे मला बघायचंय."

आम्ही पोचलो तेव्हा कट्ट्याभोवती चांगला घोळका जमला होता. कोणी पाण्याची बाटली पुढे करत होतं, कोणी वारा घालत होतं. एक आजोबा इतरांना सांगत होते की शेवटी ह्यांनी माझ्याच बाकाचा स्क्रू आवळला. आणि मधोमध अणावकर बसले होते. त्यांचे डोळे उघडे होते. घोळक्यात फट मिळेल तिथून ते पलीकडच्या नेटमध्ये खेळणाऱ्या मुलांकडे बघत होते.

सरोजिनीबाई पुढे गेल्या. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं, मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "ते बरे आहेत. बसलेत. तुम्हीही बसा नाहीतर फेरी पूर्ण करा, पण त्यांच्यासमोर उभे राहू नका. त्यांना दिसत नाहीये."

काही लोक गेले. काही, आता थांबलोच आहोत म्हणून, थोडं अंतर राखून कट्ट्यावर टेकले. डॉक्टरही टेकले. हितेंद्र टॅक्सीवाल्याची समजूत घालायला गेला. मी जवळच होतो, म्हणून मला पुढचं ऐकू आलं.

सरोजिनीबाई अणावकरांच्या शेजारी बसल्या. मग अणावकरांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. पाहत राहिले.

"तू चष्मा बदललास?" त्यांनी विचारलं.

"दोन दिवाळ्या झाल्या."

"चांगला आहे."

"हो, हलका आहे."

नेटमध्ये एक मुलगा त्रिफळाचीत झाला. अणावकर बघत होते. नेटचा एक कोपरा जमिनीपासून सुटला होता, तोही त्यांना दिसला असणार. त्यांचा हात खिशापर्यंत गेला, रिकाम्या खिशावरून फिरला आणि खाली आला.

"इथे बरं वाटतं गं," ते म्हणाले. "वारा चांगला आहे. तूही येत जा."

"मी येते की. रोज संध्याकाळी इथेच असते. याच जागी."

"इथे? मी कधी पाहिलं नाही."

"तुम्ही समोरूनच जाता. त्या बाकापासून ह्या बाकापर्यंत."

अणावकरांनी तो बाक पाहिला, हा बाक पाहिला. "मग हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही कामात होतात," सरोजिनीबाई म्हणाल्या.

बायकोला ऐसपैस बसता यावं म्हणून अणावकर थोडे बाजूला सरकले आणि तिच्या मांडीवरची पर्स उचलून त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवली. पर्सची चेन अर्धी अडकलेली होती. ती त्यांनी तशीच राहू दिली.